रात्री जागवणारा माणूस : एडवर्ड एमर्सन बर्नार्ड

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. अमावास्येच्या आगेमागे तीन रात्री आम्ही काही मंडळी जांबोटीच्या पुढे, गावातील दिव्यांचा उजेड पोहोचत नाही अशा एका माळावर जागत बसलो होतो. बरोबर माझे तीन विद्यार्थी होते. त्यांतील एकाच्या घरचा लग्नामुंजीचे फोटो काढण्याचा स्टुडिओ आहे. तो मुलगा फोटोच्या कामात तरबेज. पण गणिताच्या तासाला खाली मान घालून बसणारा. बी.एस्सी. सोडून स्टुडिओतच बसावे असे त्याच्या मनात घोळत होते, आणि त्याला कारण काही अंशी मीच होतो. चाचणीचे गुण पाहून मी त्याला एकदा विभागात बोलावले आणि गणित येत नसेल तर पदार्थविज्ञानाच्या वाटेस जाऊ नये, असे चांगले खडसावले होते.

आम्हाला फोटो काढायचा होता तो मृग नक्षत्राचा; पण त्यातल्या ताऱ्यांचा नव्हे. मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्या बाणाला पूर्वेकडून वेढणारी एक प्रचंड मोठी, अतिशय फिकट कमान आकाशात आहे. पूर्ण चंद्राची वीसहून अधिक बिंबे एकापुढे एक मांडावीत एवढा तिचा विस्तार. पण प्रकाश इतका मंद की साध्या डोळ्यांना तिचा मागमूसही लागत नाही. काही दशलक्ष वर्षांपूर्वी त्या भागात एक किंवा अनेक महाकाय ताऱ्यांचे स्फोट झाले आणि त्यांनी आसपासचा वायू ढकलून हे कडे घडवले, असे शास्त्रज्ञ मानतात. अतिनवताऱ्याच्या मरणाची ही राहिलेली खूण. तिला बर्नार्डचे वलय म्हणतात.

हा बर्नार्ड कोण, असे त्या स्टुडिओवाल्या मुलाने मला माळावर थंडीत कुडकुडत विचारले. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता माझीच मला लाज वाटू लागली. का, ते पुढे येईलच. त्या रात्री सांगितलेली हकीकत थोडी नीट मांडून येथे देत आहे.

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड याचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहरी झाला. वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारले होते. आई, थोरला भाऊ आणि हे तान्हे मूल, असा संसार. त्यातच १८६१ साली अमेरिकेचे यादवी युद्ध पेटले. त्या चार वर्षांत नॅशव्हिलमधील गरिबांनी जे हाल सोसले ते या घरानेही सोसले. युद्ध संपले तो पटकीची साथ आली. तिने या मुलाला गाठले. पण तो वाचला. शाळेचे तोंड त्याने जेमतेम दोन महिने पाहिले. अक्षरओळख झाली ती आईकडून.

नववे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास आईने त्याला एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत कामाला लावले. विजेचे दिवे नसलेला तो काळ. मोठ्या आकाराची छायाचित्रे छापायची तर सूर्यप्रकाशच हवा. त्यासाठी स्टुडिओच्या छतावर एक अवाढव्य कॅमेरा बसवला होता. त्याला ‘ज्युपिटर’ म्हणजे गुरू हे नाव होते. सूर्य सरकेल तसतसा हा कॅमेराही चाके फिरवून त्याच्याकडे वळता ठेवायचा, एवढेच पोराचे काम. ऐकायला सोपे; पण दिवसभर उन्हात उभे राहून, नजर न ढळू देता, कणाकणाने चाक फिरवत राहणे मोठ्यांनाही जड जाते. आधीची मुले त्या कामावर पेंगत असत. हा पोर पेंगला नाही.

उलट त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. गावातील चर्चची घंटा दुपारी बाराला वाजे. पण त्या वेळी सूर्य रोज ठरलेल्या जागी नसे. वर्षातून काही दिवस तो घंटेच्या पुढे असे, काही दिवस मागे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांत पाव तासापर्यंत फरक पडतो, हे आपण पुस्तकात वाचतो. हा मुलगा ते छतावर उभा राहून स्वतः शिकला. रात्री उशिरा घरी परतताना एक पिवळसर तारा इतर ताऱ्यांमधून हळूहळू सरकतो, हेही त्याने हेरले होते. तो शनी होता, हे त्याला फार पुढे कळले.

त्या स्टुडिओत त्याची सुमारे सतरा वर्षे गेली. रसायने, काचेच्या प्लेटा, भिंगे, छपाई, सारी विद्या त्याच्या हातात बसली. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास आणखी एक योग आला. एका मनुष्याने थोडे पैसे उसने मागितले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे परत आले नाहीत, पुस्तक राहिले. ते थॉमस डिक यांचे खगोलशास्त्रावरचे पुस्तक होते आणि त्यात ताऱ्यांचे नकाशे होते. खिडकीतून दिसणारे आकाश आणि पानावरचा नकाशा ताडून पाहताना, लहानपणापासून ओळखीच्या ताऱ्यांना नावे आहेत, हे त्याला प्रथम समजले. मग त्याने ३८० डॉलरची पाच इंची दुर्बीण घेतली. त्याच्या वार्षिक कमाईचा हा सुमारे दोन तृतीयांश भाग. आईला पोसणाऱ्या कारागिराने हा खर्च करणे म्हणजे व्यवहारी माणसांच्या मते वेडेपणाच होता.

१८७७ साली अमेरिकेतील विज्ञानपरिषदेचे अधिवेशन नॅशव्हिललाच भरले. अध्यक्ष होते सायमन न्यूकम, त्या काळचे नामांकित गणिती खगोलशास्त्रज्ञ. एकोणीस वर्षांचा हा फोटोग्राफर त्यांना भीत भीत भेटला आणि आपल्या लहानशा दुर्बिणीने शास्त्राला उपयोगी असे काय करता येईल, असे त्याने विचारले. न्यूकम यांनी गणित किती झाले आहे याची चौकशी केली आणि ते नसेल तर दुर्बीण बाजूला ठेवून आधी गणित शिकावे, असा कोरडा सल्ला दिला. धूमकेतू शोधता येतील, एवढी एक पुस्ती मात्र जोडली. तो तरुण बाहेर आला आणि खांबाआड उभा राहून रडला.

येथे मी क्षणभर थांबलो होतो, हे सांगायला हरकत नाही. न्यूकम यांचा सल्ला चुकीचा नव्हता, माझाही नसेल. पण सल्ला बरोबर असणे आणि तो ऐकून माणूस उभा राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एडवर्ड उभा राहिला. त्याने गणिताची पुस्तके आणली, रात्रीचा काही वेळ त्यांना दिला. पण दुर्बीण बाजूला ठेवली नाही.

१८८१ च्या जानेवारीत त्याचा विवाह ऱ्होडा कॅल्व्हर्ट हिच्याशी झाला. तिचे भाऊ त्याच स्टुडिओत काम करीत. वयाने मोठी, समजूतदार अशी ही बाई आजारी सासूची शुश्रूषा करी आणि नवऱ्याच्या रात्रीच्या जागरणांना कधी आडवी येत नसे. त्या वर्षी वॉर्नर नावाच्या एका धनिक औषधविक्रेत्याने प्रत्येक नव्या धूमकेतूमागे २०० डॉलरचे बक्षीस लावले होते. सप्टेंबरात बर्नार्ड यांना पहिला धूमकेतू सापडला. मिळालेली रक्कम धरून त्यांनी कर्ज काढले आणि लहानसे घर बांधायला घेतले. पुढचे हप्ते पुढच्या धूमकेतूंच्या बक्षिसांतून फिटत गेले. लोक त्या घराला धूमकेतूंचे घर म्हणत.

त्या काळातील एक प्रसंग ते स्वतः सांगत असत. १८८२ च्या ऑक्टोबरात एक फार मोठा धूमकेतू पहाटे दिसत होता. गजर लावून ते झोपले तो स्वप्नात सारे आकाश धूमकेतूंनी भरलेले दिसले. गजर झाला, उठून दुर्बीण लावली आणि त्या मोठ्या धूमकेतूजवळ खरोखरच दहाबारा लहान धूमकेतूंचा पुंजका आढळला. मोठ्या धूमकेतूचेच ते तुकडे असावेत.

१८८३ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती देऊन बोलावले. वेधशाळेची सहा इंची दुर्बीण ताब्यात मिळाली आणि पंचविशी उलटल्यावर हा गृहस्थ प्रथमच वर्गात बसला. गणित, भाषा, पदार्थविज्ञान सारे शिकला. पण पदवी काही घेतली नाही. पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली आणि तशी पदवी त्याने दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.

कॅलिफोर्नियात हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा उभी राहत होती. तेथील छत्तीस इंची दुर्बीण भिंगांच्या दुर्बिणींत त्या काळी जगात सर्वांत मोठी. बर्नार्ड यांना नेमणूक मिळाली. परंतु नॅशव्हिल सोडून पतिपत्नी तेथे गेली तेव्हा वेधशाळा सुरूच झाली नव्हती. काही महिने त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एका वकिलाच्या कचेरीत नकलनविशी केली. १८८८ साली वेधशाळा उघडली. तेथेही मोठी दुर्बीण त्यांच्या वाट्याला येईना. संचालकांशी खटके उडाले. अखेर १८९२ च्या उन्हाळ्यात दर शुक्रवारची रात्र त्यांना मिळाली. त्या वर्षी ९ सप्टेंबरच्या शुक्रवारी, गुरूच्या तेजात जवळजवळ बुडालेला एक बारीक ठिपका त्यांच्या नजरेस पडला. तो गुरूचा पाचवा चंद्र होता. गॅलिलिओने १६१० साली चार चंद्र पाहिल्यानंतर २८२ वर्षांत गुरूचा नवा चंद्र कोणाला सापडला नव्हता. आणि त्यानंतर केवळ डोळ्यांनी पाहून कोणत्याही ग्रहाचा चंद्र आजवर कोणी शोधलेला नाही.

या शोधाने त्यांचे नाव जगभर झाले. परंतु माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व मोठ्या दुर्बिणीवर घडलेच नाही. ते घडले एका जुन्या, दुसऱ्याने वापरून टाकलेल्या फोटोच्या भिंगावर. सॅन फ्रान्सिस्कोतील एका फोटोग्राफरकडून वेधशाळेने सहा इंची भिंग विकत घेतले होते. एके काळी त्यापुढे माणसे बसवून त्यांच्या तसबिरी काढत. मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा अगदी लहानसा तुकडा दिसतो. या भिंगात मात्र आकाशगंगेचा विस्तीर्ण पट्टा एका दमात मावे. आणि त्याचे मर्म जाणणारा माणूस वेधशाळेत एकच होता, जो स्टुडिओतून आला होता.

डोळा आणि काच यांतला फरक येथे ध्यानात घेतला पाहिजे. डोळा तासभर एकटक पाहत राहिला तरी पहिल्या क्षणापेक्षा फारसे अधिक त्याला दिसत नाही. काचेवरचे रसायन मात्र आलेला प्रकाश साठवीत जाते. म्हणून मंदातील मंद वस्तूही तासांमागून तास प्रकाश पडू दिला तर उमटते. अट एकच : पृथ्वी फिरते आहे, तेव्हा कॅमेराही ताऱ्यांबरोबर तंतोतंत फिरला पाहिजे. घड्याळाचे यंत्र असे. पण ते चुके. म्हणून शेजारच्या मार्गदर्शक दुर्बिणीतील दोन तारांच्या फुलीवर एक तारा धरून, तो रेसभर हलला की हाताने सावरून घ्यायचा. चार चार तास, कडाक्याच्या थंडीत, नजर न काढता. ज्युपिटर कॅमेऱ्याचे चाक फिरवणारा तो पोर हेच तर करीत आला होता! दिवसा सूर्यामागे, आता रात्री ताऱ्यांमागे.

१८८९ पासून त्यांनी आकाशगंगेची जी छायाचित्रे घेतली त्यांत ताऱ्यांचे ढग, तेजोमेघांचे धागे आणि काळ्या वाटा प्रथमच स्पष्ट दिसल्या. १८९२ च्या ऑक्टोबरात अशाच एका काचेवर त्यांना नवा धूमकेतू सापडला. केवळ छायाचित्रावरून धूमकेतू सापडण्याचा तो पहिलाच प्रसंग.

आणि १८९४ च्या ऑक्टोबरात त्यांनी मृग नक्षत्राकडे एक भिंग रोखले. तेही कसले, तर भिंतीवर चित्रे दाखविणाऱ्या स्वस्त कंदिलाचे, जेमतेम दीड इंच व्यासाचे! दोन तासांच्या प्रकाशनात मृगाला वेढणारी ती कमान काचेवर उमटली. त्या काळच्या जगातील सर्वांत मोठ्या भिंगाच्या दुर्बिणीच्या सावलीत बसून कंदिलाच्या भिंगाने हा माणूस सारे नक्षत्र व्यापणारी वस्तू टिपतो, ही गोष्ट साधनांच्या नावाने रडणाऱ्या आपणा सर्वांनी लक्षात ठेवावी. विल्यम पिकरिंग यांच्या १८८९ च्या छायाचित्रावरही ती कमान आली होती. तरी नाव बर्नार्ड यांचेच रूढ झाले.

१८९५ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत गेले. तेथील चाळीस इंची दुर्बिणीच्या घुमटातील वरखाली सरकणारी जमीन १८९७ च्या मे महिन्यात कोसळली, त्याच्या काही तासच आधी ते तेथून काम आटोपून गेले होते. १९०१ साली ग्रहणासाठी सुमात्रा बेटापर्यंत गेले आणि ऐन खग्रास काळात ढग आले. आकाशाचे वेध घेणाऱ्याला असल्या गोष्टी पचवाव्याच लागतात. १९०४ मध्ये कॅथरीन ब्रूस या दानशूर बाईंच्या देणगीतून दहा इंची खास छायाचित्रणाची दुर्बीण तयार झाली. १९०५ साली ती कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर नेऊन त्यांनी महिनोन्महिने दक्षिणेकडील आकाशगंगा टिपली.

त्यांच्या मनाला वर्षानुवर्षे छळणारा प्रश्न त्या काळ्या जागांचा होता. दाट ताऱ्यांमध्ये एकाएकी काळे भोक दिसते. तेथे तारेच नाहीत की समोर काही आडवे आले आहे? विल्यम हर्शेलपासून पुष्कळांचा समज असा की ती आकाशातील पोकळी. बर्नार्डही बराच काळ त्याच मताचे होते. १९१३ च्या उन्हाळ्यात एका निरभ्र रात्री काम करीत असताना काही लहान ढग आकाशगंगेसमोरून सरकले. चमकत्या पार्श्वभूमीवर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते, थेट काचांवरच्या काळ्या डागांसारखे. १९१९ साली त्यांनी अशा १८२ काळ्या जागांची यादी प्रसिद्ध केली. अखेरच्या यादीत ती संख्या ३४९ झाली. हे धुळीचे आणि वायूचे ढग आहेत आणि त्यांतूनच नवे तारे जन्म घेतात, हे आज आपण जाणतो. आपले मत इतक्या वर्षांनी स्वतःच्याच पुराव्यापुढे सोडून देणे हेही शास्त्रज्ञाचे लक्षण होय. १९१६ साली जुन्या व नव्या काचा ताडून पाहताना, आकाशात सर्वांत वेगाने जागा बदलणारा ताराही त्यांना सापडला. सहा प्रकाशवर्षांवरचा तो बर्नार्डचा तारा.

शेवटचे मोठे काम आकाशगंगेच्या नकाशाग्रंथाचे. त्यासाठी १९०७ मध्ये अनुदान मिळाले होते. छापखान्यातील कोणताही ठसा त्यांच्या मनास येईना. तेजोमेघाची फिकट कड छपाईत हरवली तर ग्रंथाचा उपयोग काय? शेवटी ७०० प्रतींसाठी खरी छायाचित्रे कागदावर काढून घ्यायची असे ठरले. ती सारी, म्हणजे पस्तीस हजारांहून अधिक, त्यांनी स्वतः एकेक करून तपासली. स्टुडिओतला कारागीर शेवटपर्यंत जागा होता. मात्र मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९२१ मध्ये ऱ्होडाबाई गेल्या. आणि ६ फेब्रुवारी १९२३ रोजी बर्नार्डही गेले. ग्रंथ अपुराच होता. त्यांची मदतनीस आणि ऱ्होडाबाईंची भाची मेरी कॅल्व्हर्ट हिने, वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट यांच्यासह तो पुरा केला आणि १९२७ साली तो प्रसिद्ध झाला. मेरीचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम घेतले.

आता आमच्या माळाकडे वळतो. आमच्याजवळ होता जुना डिजिटल कॅमेरा. तांबडा प्रकाश अडवणारी त्याची आतली काच काढून टाकलेली होती, कारण त्या वलयातील हायड्रोजन तांबड्या रंगात उजळतो. पृथ्वीच्या गतीने फिरणारे छोटे यंत्र होते. एकट्याने पुरेसा प्रकाश जमेना म्हणून निपाणी आणि हुबळी येथील दोन हौशी मित्रांनी आपापल्या जागेवरून काढलेली छायाचित्रे पाठवली. दोन दोन मिनिटांची एकूण १९६ छायाचित्रे, म्हणजे सुमारे साडेसहा तासांचा प्रकाश. ती एकमेकांवर बसवण्याचे काम त्या स्टुडिओवाल्या मुलाने अंगावर घेतले. हल्ली हौशी मंडळी अशीच एकत्र येऊन काम करतात. देवयानी दीर्घिकेशेजारी प्राणवायूच्या प्रकाशाची एक मोठी कमान २०२३ साली जाहीर झाली, तीही युरोपातील हौशी निरीक्षकांनी शंभराहून अधिक तासांचे प्रकाशन करून शोधलेली. इतकी वर्षे मोठमोठ्या दुर्बिणींतून सुटलेली वस्तू!

आठवड्याने तो मुलगा विभागात आला. हातात छापील फोटो होता. बाणाच्या पूर्वेला फिकट तांबडी कमान, तुटक पण निश्चित. मला आनंद झालाच. पण त्याहून अधिक झाला तो त्याच्या प्रश्नाने. छायाचित्रे वाढवत नेली तशी चित्रातली खरखर कमी होत गेली. पण चौपट छायाचित्रांनी ती निम्मीच कशी झाली, पाव का नाही, असे त्याला विचारायचे होते. आम्ही फळ्यापाशी गेलो. सरासरी घेतली की खरखर संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटते. १९६ चे वर्गमूळ १४, म्हणून चित्र चौदा पटींनी स्वच्छ. वर्गमूळ त्याने शाळेत काढले असेल. त्याचा उपयोग मात्र त्याला मृगाने शिकवला.

त्याने बी.एस्सी. अजून सोडलेली नाही. तो बर्नार्ड होईल असे मी म्हणत नाही. तसे होण्याची गरजही नाही. पण कोणाच्या हातात काय विद्या आहे हे पाहिल्यावाचून त्याला वाटेवरून परत पाठवू नये, एवढा धडा मी घेतला आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठीही एक आहे. स्टुडिओच्या छतावर चाक फिरवत घालवलेली वर्षे फुकट गेली असे बर्नार्ड यांना त्या वेळी वाटले असेल. पुढे तीच कामाला आली. येत्या मार्गशीर्षात अमावास्येला आम्ही पुन्हा जांबोटीला जाणार आहोत. मराठी विभागातील आणि कन्नड विभागातील, ज्यांना जागरणाचे भय नाही त्या सर्वांनी यावे. स्वेटर आणि कानटोपी मात्र आठवणीने आणावी.